कागदावरची सटवाई

गेल्या महिन्यात फोंड्याला एका वाचनालयाच्या सभागृहात सुरक्षित बाळंतपण आणि तंत्रज्ञान या विषयावर परिसंवाद होता. बत्तीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काढलेल्या बाईने निवृत्तीनंतर असल्या ठिकाणी फिरकू नये, रक्तदाब वाढतो, तरी गेले. पहिले वक्ते म्हणाले, गोव्यातल्या प्रत्येक प्रसूतीच्या खाटेला बाळाच्या ठोक्यांचं यंत्र लावा, आलेख कृत्रिम बुद्धिमत्तेला वाचू द्या, मग बघा एक तरी बाळ दगावतं का. दुसऱ्या वक्त्या उठल्या आणि म्हणाल्या, हे यंत्रच सगळ्या सिझरचं मूळ आहे. पोटाला पट्टा बांधला की पोट कापलंच म्हणून समजा, आमच्या आज्यांच्या वेळी वयजीण, म्हणजे गावातली सुईण, होती आणि सगळं सुरळीत होत होतं. टाळ्या दोघांनाही पडल्या, त्याही बहुतेक त्याच हातांच्या. तासभराच्या या भांडणात ते यंत्र मोजतं काय, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. आमटीत मीठ जास्त की कमी यावर वाद, आणि आमटी कुणी चाखलेलीच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बाळाच्या ठोक्यांमधली चढउतार ही आपल्या हाती असलेल्या खुणांतली फार मोलाची खूण आहे, आणि जोखमीच्या बाळंतपणात ती यंत्राने सतत पाहिलीच पाहिजे. पण धडधाकट बाईच्या सरळ चाललेल्या बाळंतपणात तोच पट्टा सरसकट बांधून ठेवल्याने जास्त बाळं जगतात, असं पन्नास वर्षांत कुणाला दाखवता आलेलं नाही. तिथे लागतो ठरलेल्या वेळी येऊन, पोटावर डॉप्लर, म्हणजे ठोके ऐकवणारं हातातलं छोटं यंत्र, ठेवून, मिनिटभर शांत ऐकणारा माणूस. माझ्या सगळ्या नोकरीत यंत्र कमी पडलं असं क्वचित झालं. माणूस कमी पडला असं मात्र दर आठवड्याला होत होतं.

तर आधी आमटी चाखू. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. लेबर रूमबाहेर बसलेल्या नातेवाइकांना यातलं एवढंच माहीत असतं, की ठोके कमी झाले किंवा वाढले. पण निरोगी बाळाचे ठोके एका आकड्यावर बसून राहतच नाहीत. १४० म्हणावं तर १३६, लगेच १४३, मग १३८. कागदावरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली थरथरत असते. हा थरथराट साधारण ५ ते २५ ठोक्यांच्या पट्ट्यात असला की आम्ही म्हणायचो, व्हेरिएबिलिटी चांगली आहे. मेंदूकडून हृदयाकडे दोन लगाम जातात, एक म्हणतो पळ, दुसरा म्हणतो थांब. दोन्ही सतत ओढले जात असतात म्हणून दोन ठोक्यांमधलं अंतर कधी तंतोतंत सारखं येत नाही. प्राणवायू बराच वेळ कमी पडून मेंदू मंदावला की ही ओढाताण सैल पडते आणि रेघ सपाट होते. म्हणजे घड्याळासारखे नेटके ठोके ऐकून बाहेरचा माणूस खूश होईल, आणि आत आमच्या पोटात गोळा येईल. आपल्या वैद्यांना यात नवल वाटू नये. शार्ङ्गधराने नाडीची वर्णनं केली ती सापाच्या, बेडकाच्या, हंसाच्या चालीवरून. किती यापेक्षा कशी, हे त्याला महत्त्वाचं वाटलं. तिसऱ्या शतकातला चिनी वैद्य वांग शुहे याच्या नावावर तर असं सांगितलं जातं, की नाडी छपरावरून ठिबकणाऱ्या पावसासारखी एकसुरी झाली की रोगी चार दिवसांचा सोबती. श्रावणात पागोळ्या ऐकत पडलेल्या गोंयकाराला हा ठेका वेगळा समजावून सांगायला नको.

इतकं सरळ असतं तर वादच नव्हता. पण बाळ पोटात झोपतंही. शांत झोपेत रेघ वीस-चाळीस मिनिटं, कधी पन्नासपर्यंतही, सपाट राहते आणि त्यात काही वावगं नसतं. आईला कळांचं दुखणं कमी व्हावं म्हणून पेथिडीन दिलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम दिलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइड दिलं, तरी थरथराट कमी होतो. दिवस भरलेले नसले तर तो मुळातच कमी असतो. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. २५ च्या वर उड्या मारणारी रेघ कधीकधी झपाट्याने गुदमरत चाललेल्या बाळाची असते.

एक रात्र सांगते. सत्तरी तालुक्यातली पहिलटकरीण, बाहेर आषाढ कोसळतोय, डॉक्टर नवा, मुलासारखा. ठोके १३५, पण रेघ फूटपट्टी धरून ओढल्यासारखी. वीस मिनिटं झाली तसा तो घामाघूम झाला आणि म्हणाला, सिस्टर, ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगा. पट्टा घसरू नये म्हणून बाई कधीपासून उताणी पडलेली होती. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, केसपेपर उलटला, तर दोन तासांपूर्वी पेथिडीन दिल्याची नोंद. पाणी स्वच्छ होतं, बाळाने आत शी केलेली नव्हती. दाराशी सासू उभी, छत्रीचं पाणी ठिबकतंय: "सिस्टर, भुरगें बरें आसा न्हय?" बाळ बरं आहे ना? मी तिच्याकडून सुनेला साखरपाणी पाजवलं. गोड दिल्याने बाळ जागं होतं या समजाला अभ्यासांत आधार मिळालेला नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. सासूच्या हाताला काम मिळालं, एवढाच त्याचा उपयोग. अडतिसाव्या मिनिटाला रेघेला दाते फुटले. मुलगी पहाटे आपसूक झाली. हा किस्सा मी बरीच वर्षं फुशारकीने सांगत आले. याच्या उलटा किस्साही माझ्याकडे आहे, तो पुढे येईलच.

या यंत्राचा इतिहास वक्त्यांपैकी कुणी चाळला असता तर दोघांचाही आवाज थोडा खाली आला असता. पॅरिसमध्ये १८२१ साली केर्गारादेक नावाच्या डॉक्टरने गर्भवतीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला तो आतल्या पाण्याची खळबळ ऐकायला, आणि त्याला ऐकू आले ठोके. या ठोक्यांच्या बदलांवरून बाळ बरं आहे की नाही हे कळू शकेल का, असा प्रश्न त्याने तेव्हाच विचारून ठेवला. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं आम्ही सगळ्यांनी कानानेच काम चालवलं. पिनार्डचं ते तुतारीसारखं नळकांडं १८९५ चं, आणि मी शिकले तीही त्याच्यावरच. मग अमेरिकेत एडवर्ड हॉन आले. १९६३ साली हॉन आणि ली यांनी दाखवलं, की बाळ संकटात सापडतं तेव्हा ठोक्यांचा आकडा बदलण्याआधी दोन ठोक्यांमधल्या अंतरातला फरक बदलतो. आज मनगटावरच्या घड्याळात धावपटूंना जी एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराची चढउतार, दिसते, तिचा वैद्यकातला पहिला मोठा उपयोग असा गर्भाशयात झाला. शोध अस्सल होता. चूक झाली ती पुढे. १९६८ च्या सुमाराला यंत्रं बाजारात आली, दहा वर्षांत श्रीमंत देशांतल्या लेबर रूम त्यांनी भरून गेल्या, आणि यंत्राने खरंच काही फरक पडतो का हे तपासणाऱ्या मोठ्या चाचण्या आल्या त्या नंतर. आधी लग्न, मग पत्रिका.

पत्रिका निघाली ती अशी. डब्लिनमध्ये जवळजवळ तेरा हजार बायकांवर चाचणी झाली, निष्कर्ष १९८५ साली आले. अर्ध्या बायकांना सतत यंत्र, अर्ध्यांचे ठोके सुईणीने ठरलेल्या वेळी ऐकायचे. दगावलेली बाळं दोन्हीकडे सारखीच, १४ आणि १४. जन्मल्यावर झटके आलेली बाळं मात्र यंत्राच्या गटात १२ आणि हाताने ऐकलेल्या गटात २७. हा फरक खरा आहे, आणि यंत्रवाल्यांच्या बाजूने बोलायचं तर त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. पुढे तेरा चाचण्यांतल्या ३७ हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र केली गेली तेव्हाही तेच दिसलं: झटके निम्म्यावर, मृत्यूंत फरक नाही, मेंदूच्या पक्षाघातात, म्हणजे सेरेब्रल पाल्सीत, फरक नाही, आणि सिझरचं प्रमाण साधारण दीडपटीहून जास्त. झटके निम्मे होणं ही लहान गोष्ट नाही, ज्या आईने ते पाहिलेत तिला विचारा. पण मुळात ते दुर्मीळ, आणि डब्लिनच्या मुलांना चार वर्षांनी पाहिलं तेव्हा पक्षाघाताच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. या एका फायद्यासाठी किती पोटं उघडायची, आणि त्या बायकांच्या पुढच्या खेपेला जुन्या व्रणाची, वारेच्या चिकटण्याची जोखीम किती वाढवायची, हा हिशेब सभागृहात कुणी मांडला का?

दुसरा आकडा याहून बोचरा आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या मुलांचा अभ्यास आला. कळांनंतर उशिरा घसरणारे ठोके आणि कमी झालेला थरथराट, या दोन चिन्हांचा पक्षाघाताशी संबंध आहे हे त्यात सिद्ध झालं. पण ही चिन्हं दिसलेल्या हजार बाळांमागे पक्षाघात झाला तो साधारण दोघांना. उरलेल्या ९९८ जणांना नाही. खूण खरी असूनही इशारा खोटा कसा निघतो? गावात वाघ आला की कुत्री भुंकतात हे खरं, पण कुत्री भुंकली की वाघ आला असं धरून दर रात्री बंदूक काढणाऱ्याचं काय होईल? ज्या गोष्टीची शक्यताच हजारात एखादी, तिची चाहूल देणारी खूण कितीही चांगली असली तरी तिचे बहुतेक इशारे पोकळच निघणार. यंत्राला इथे दोष देता येत नाही, ते आपलं अंकगणित आहे.

या सगळ्या अट्टहासामागे एक जुना समज आहे: मूल अपंग जन्मलं म्हणजे बाळंतपणात काहीतरी चुकलं. लंडनच्या डॉक्टर लिटलने एकोणिसाव्या शतकात तो मांडला. १८९७ साली त्याला हरकत घेतली ती सिगमंड फ्रॉइडने, तोच, जो पुढे मनाच्या शास्त्रासाठी प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं, उलटं असू शकतं. बाळाच्या मेंदूत आधीच काही बिघडलेलं असेल आणि म्हणून बाळंतपण अडलं असेल. शंभर वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आज बहुतेक मुलांत पक्षाघाताचं कारण कळांच्या आधीचं असतं हे मान्य झालंय. पण कोर्टात आणि वऱ्हांड्यात अजून लिटलच जिंकतो.

आता यंत्राच्या विरोधकांकडे वळते, कारण त्यांची वकिली करतेय असं वाटायला नको. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, देशाची सरासरी २१.५. आकडा मोठा आहे, त्याची काळजी वाटायलाच हवी. पण यंत्र हेच मूळ असेल तर त्याच पाहणीत देशभरातल्या खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आणि सरकारीत १४.३ टक्के, ही दरी कशी पडते? ठोके बघायची यंत्रं दोन्हीकडे असतात. आईचं वाढलेलं वय, साखर, आधीचं सिझर, मुहूर्त काढून आणलेले पंचांगवाले नातेवाईक, रात्री भूलतज्ज्ञ मिळेल की नाही ही धास्ती, बिलाचा आकडा, कोर्टाची भीती: यातल्या अनेक गोष्टींना आलेख फक्त निमित्त पुरवतो. "ठोके कमी झाले" हे वाक्य लेबर रूममध्ये कधी निदान असतं, आणि कधी सगळी चर्चा मिटवणारी शपथ. आज्यांच्या सुरळीत बाळंतपणांबद्दल म्हणाल, तर आमच्या घरात म्हाताऱ्या बायका मुलांचे दोन आकडे सांगायच्या. माझी आजी म्हणायची, सात झाली, चार राहिली. वयजिणीच्या हाताला जादू असेलही, पण त्या दोन आकड्यांमधली वजाबाकी कुणी करत नाही.

आणि खरोखर जिथे गरज आहे तिथे थरथराट मोजण्याची किंमत मी पाहिली आहे. बाळ पोटात वाढत नाही, वारेकडून रक्त कमी येतंय, दिवस सात-साडेसात महिन्यांचे. बाहेर काढावं तर फुप्फुसं कच्ची, आत ठेवावं तर उपासमार. अशा वेळी ऑक्सफर्डच्या डॉज आणि रेडमन यांनी बसवलेली संगणकाची पद्धत रेघ डोळ्यांनी न वाचता मोजते. १४० ठोक्यांना दोन ठोक्यांत साधारण ४३० मिलिसेकंदांचं अंतर असतं. मिनिटाच्या एकेका सोळाव्या भागाची सरासरी काढून ती शेजारच्या भागाशी ताडली जाते. हा फरक तीनेक मिलिसेकंदांच्या खाली उतरला की घंटा वाजलीच. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. माणसाच्या डोळ्याने हे होणार नाही. युरोपातल्या २०१५ च्या मोठ्या अभ्यासात अशा कोवळ्या बाळांना कधी बाहेर काढायचं हे ठरवताना रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीबरोबर हाच आकडा धरला होता. काणकोणहून किंवा वाळपईहून अशी बाई बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवायची तर ती तिथे या मोजमापासाठीच जायला हवी, त्याबद्दल माझा वाद नाही.

पण आपल्या साध्या लेबर रूममधल्या कागदावर जे उमटतं ते आणि हे मिलिसेकंद एकच, असं परिसंवादातले पहिले वक्ते धरून चालले होते. पोटावरून ध्वनिलहरींनी ठोके पकडणारं यंत्र एकेक ठोका सुटा मोजत नाही. हृदयाच्या हालचालीचा आवाज गोंगाटी असतो, म्हणून यंत्र आवाजाचा एक तुकडा पुढच्या तुकड्याशी जुळवून पाहतं आणि त्यातून सरासरीचा आकडा काढतं. खराखुरा ठोक्या-ठोक्यातला फरक हवा तर बाळाच्या डोक्याला तार लावून ईसीजी घ्यावा लागतो, हॉन यांनी केलं तसा. शिवाय प्रोब सरकला की यंत्र बाळाला सोडून आईच्या नाडीला धरतं आणि बेधडक छापत राहतं. कळा देणाऱ्या आईची नाडीही १२० वर जाते, रेघ देखणी दिसते. म्हणून पहिल्यांदा आईचं मनगट धरायचं, हे मी प्रत्येक नव्या मुलीला शिकवलं. आणि कागदाचा वेग? काही ठिकाणी मिनिटाला एक सेंटीमीटर, काही ठिकाणी तीन. एकच बाळ तीनच्या कागदावर शांत, लांबलचक लाटांचं दिसतं आणि एकच्या कागदावर काटेरी. बदलीवर आलेल्या डॉक्टरला हे कुणी सांगितलं नाही तर तो पहिल्या रात्री काय वाचणार?

आमच्याकडे देवळात प्रसाद घेतात. देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आलेखाचंही तसंच तीन खणांत वाटप असतं: चांगला, संशयास्पद, वाईट. अगदी चांगला आणि अगदी वाईट यांवर सहसा भांडण होत नाही. बाळंतपणाच्या शेवटी-शेवटी बरेचसे आलेख जातात ते मधल्या खणात, म्हणजे पाकळी पडतच नाही आणि भटजींसकट सगळे वर बघत उभे. तोच कागद दोन तज्ज्ञांना दिला तर दोन मतं येतात, त्याच तज्ज्ञाला काही महिन्यांनी दिला तर तिसरं, आणि बाळाचं पुढे वाईट झालं हे आधी सांगून दिला तर त्याला कागदावर सगळं स्पष्ट दिसायला लागतं. यावर उपाय संगणक, असं म्हणणाऱ्यांनी २०१७ ची ब्रिटन आणि आयर्लंडमधली चाचणी पाहावी. २४ रुग्णालयं, ४६ हजारांहून अधिक बायका. अर्ध्यांच्या आलेखावर संगणक लक्ष ठेवून लाल इशारे देत होता. बाळांच्या प्रकृतीत फरक पडला नाही, दोन वर्षांनीही नाही. तो संगणक आजच्यासारखा शिकणारा नव्हता, नियमांवर चालणारा होता, हे कबूल. आजचे उद्या काही चांगलं दाखवतीलही. पण दाखवू दे तरी. लग्न आणि पत्रिकेची गंमत एकदा झाली तेवढी पुरे.

मग जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते? २०१८ च्या शिफारशींत तिने स्पष्ट लिहिलं: निरोगी बाईच्या आपसूक सुरू झालेल्या बाळंतपणात सतत आलेख नको, भरती करतानाचा नेमाचा आलेखही नको. डॉप्लर किंवा पिनार्डने ऐका; कळांच्या पहिल्या टप्प्यात दर पंधरा ते तीस मिनिटांनी, बाळ खाली सरकू लागल्यावर दर पाच मिनिटांनी, दर वेळी निदान मिनिटभर. आणि इथे यंत्रवाल्यांचा दुसरा भक्कम मुद्दा येतो, जो त्या दिवशी त्यांनी मांडलाच नाही, म्हणून मीच मांडते. डब्लिनमध्ये कानाने ऐकणं यंत्राइतकं टिकलं, कारण तिथे प्रत्येक बाईजवळ एक सुईण बसलेली होती. आपल्याकडे रात्रपाळीला एक सिस्टर आणि चार बायका. हिशेब करा. मिनिटभर ऐकायचं, आईची नाडी पाहायची, कळ हाताने तपासायची, लिहायचं; तीन मिनिटं गेली. चार बायकांची बारा. पंधरा मिनिटांतली उरली तीन. त्यात सलाईन, फोन, दारावरचे नातेवाईक. आणि यातली एक बाई दुसऱ्या टप्प्यात गेली की तिच्यापासून हलायचंच नाही. मग उरलेल्या तिघींना पट्टा बांधून ठेवणं हे निदान काहीतरी नाही का?

मीही असंच म्हणायचे. आता तो उलटा किस्सा. कुठलं रुग्णालय ते सोडा. चार बायका, मी एकटी, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. तिसऱ्या खाटेवरच्या बाईला मी पट्टा बांधला, कागद सुरू केला, पाच मिनिटं रेघ पाहिली, छान होती. आवाज बारीक केला, कारण शेजारची नुकतीच झोपली होती. मग पहिल्या खाटेवरची अडली, खांदा अडकला, आणि मी तिकडेच राहिले. यंत्र आपलं काम चोख करत होतं. रेघ आधी घसरायला लागली, मग सपाट झाली, आणि तासाहून जास्त वेळ सपाट छापली गेली. कागदाची घडी खाली जमिनीवर साचली होती. मी परत आले तेव्हा बाळ काढलं, पण राहिलं नाही. त्या खाटेला यंत्र नव्हतं असं कुणी म्हणू शकलं नाही. उलट यंत्र लावलंय म्हणूनच मी तिकडे निर्धास्त राहिले होते. पट्टा बांधला नसता तर दर पंधरा मिनिटांनी कुणाला तरी हाक मारली असती, निदान आयाबाईला तरी पोटावर हात ठेवून बस म्हटलं असतं. बघणारं कुणी नसलं तर सतत नोंद होणं आणि अजिबात न होणं यात बाळाच्या दृष्टीने काय फरक?

म्हणून यंत्राच्या खरेदीवर जो पैसा जाणार तो पहिल्यांदा माणसांवर जावा, असा माझा आग्रह आहे. केंद्र सरकारने २०१८ साली सुईणपणाचं स्वतंत्र धोरण आणलं, त्यात प्रशिक्षित परिचारिकेला आणखी अठरा महिने शिकवून साधी बाळंतपणं पूर्ण तिच्या हाती द्यायची योजना आहे. बारा तालुक्यांच्या, जवळजवळ सगळी बाळंतपणं रुग्णालयात होणाऱ्या या चिमुकल्या राज्याला ती झेपणार नाही असं कोण म्हणेल? यावर मला सांगतात, आपल्याकडे छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी आरोग्य केंद्रातून बांबोळीला जातो, तिथला डॉक्टर वाचतो, इकडे इंजेक्शन दिलं जातं. मग बाळाचा आलेख का नाही पाठवायचा? जरूर पाठवा. संशयास्पद आलेखाला दुसरे डोळे मिळाले तर मी पहिली टाळी वाजवीन. पण हृदयविकाराच्या झटक्याचा ईसीजी हा एका क्षणाचा फोटो असतो, आणि बाळंतपण आठ-दहा तास चालतं. बांबोळीचा डॉक्टर मोबाईलवर रेघ पाहील. बाईला कुशीवर कोण वळवणार, आईची नाडी कोण धरणार, १०८ ला फोन करून पेडण्याच्या रस्त्यावर तिच्याबरोबर कोण बसणार?

शेवटचा मुद्दा उरतो तो कागदाचा, आणि डॉक्टर मंडळी खाजगीत हाच पुढे करतात: सिस्टर, उद्या केस झाली तर आलेख हा पुरावा असतो. आपल्याकडे सटीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते. हल्ली ती पाचेक दिवस आधीच येते आणि कागदावर लिहिते, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. डॉक्टरला वाटतं तिने आपली निर्दोष सुटका लिहिलीय, वकिलाला वाटतं आपली फी. त्या तिसऱ्या खाटेच्या प्रकरणाची चौकशी बऱ्याच वर्षांनी पुन्हा निघाली आणि मला फाईल दाखवायला बोलावलं. आलेखाची घडी केसपेपरला टाचलेली होती. उष्णतेने छापणारा तो कागद, सात-आठ पावसाळे फडताळात काढलेला. उलगडला तर पिवळट पडलेला होता, बारीक चौकटीसुद्धा धड दिसत नव्हत्या. रेघ कुठेच नव्हती. शेजारच्या पानावर बॉलपेनने केलेल्या माझ्या नोंदी मात्र जशाच्या तशा होत्या. दोन वाजून दहा मिनिटं, ठोके १४४. त्याच्या खालची ओळ, तीन वाजून पस्तीस.